भजनी मंडळाची पुस्तिका छापायची आहे: परफेक्ट, सेंटर पिन की शिलाई?

टाळकरी · सोमवार, रात्री ९:४८

रामकृष्णहरी मंडळी.

आमच्या गावच्या भजनी मंडळाची पुस्तिका छापायची आहे. वाई तालुक्यातलं छोटं गाव. देवळात रोज हरिपाठ, एकादशीला जागर, वर्षातून एक सप्ताह. आतापर्यंत झेरॉक्सवर भागत होतं. आता काकडा, हरिपाठ, नेहमीचे अभंग, गौळणी, दोन-चार भारुडं, आरत्या आणि पसायदान असा सगळा ऐवज एकत्र टाइप झालाय. डेमी साइज धरला तर १०६ पानं भरतात. ५०० प्रती काढायचा विचार आहे.

तीन ठिकाणी विचारलं आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या. साताऱ्यातला एक जण म्हणतो आत आर्ट पेपर, वर ग्लॉस लॅमिनेशन, परफेक्ट बाइंडिंग (पाठीला ग्लू लावून कव्हर चिकटवायचं), "एकदम पुस्तकासारखं दिसेल". पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळ एकाने सेंटर पिन (मधोमध घडीवर पिना मारायच्या) सुचवली. तिसरा म्हणतो स्पायरल मारा, कटकट नाही. आमच्या अध्यक्षांचं मन पहिल्यावर गेलंय, कारण नमुन्याचं पुस्तक हाताला गुळगुळीत लागलं.

अडचण अशी की भजनात दोन्ही हातांत टाळ असतात. पुस्तिका मांडीवर नाहीतर समोर सतरंजीवर उघडी पडलेली असते. निम्मी मंडळी साठी ओलांडलेली, देवळात दोन ट्यूबलाइट. शिवाय वीस-पंचवीस जण दरवर्षी वारीला जातात, म्हणजे ती पिशवीत जाणार आणि पाऊस ठरलेला. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउली आळंदीहून निघतात, त्याआधी हातात हवी. पैसा गावकीचा आहे, त्यामुळे उद्या पानं सुटली तर देवळासमोरून जायची सोय राहणार नाही.

भिंगरी · सोमवार, रात्री १०:०५

स्पायरल घ्या. उघडली की सपाट पडते, मागे दुमडली तरी चालते. आमच्या गाण्याच्या क्लासच्या वह्या तशाच आहेत.

कोकणी_पाऊस · सोमवार, रात्री १०:३१

क्लासची वही दप्तरातून घरी जाते हो. वारीत अठरा-वीस दिवस पिशवीत, वर तांब्या आणि चादर. स्पायरलचं वेटोळं एकदा दबलं की पान पुढे सरकत नाही, मग भोकापाशी फाटतं. वायरो दिसायला बरी, पण तार वाकली की तीच गत. आणि कपाटात पन्नास प्रती एकावर एक रचून बघा, ढिगारा एका बाजूला कलतो.

सेंटर पिनचंही ऐका. आमच्याकडे रत्नागिरीत दोन पावसाळ्यांत पिना गंजतात. आधी घडीवर तांबूस डाग, मग तिथेच कागद कुजल्यासारखा होतो. पिना घ्यायच्याच झाल्या तर तार गॅल्वनाइज्ड आहे का, हे आधी विचारा.

मी_आपला_सहज · सोमवार, रात्री ११:१२

५०० प्रती कशाला? पीडीएफ करा, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका. फुकट काम, झाडंही वाचतील.

टाळकरी · सोमवार, रात्री ११:२०

पीडीएफ ग्रुपवर आहेच. हरिपाठ रंगात आला की स्क्रीन काळी पडते, टाळ खाली ठेवून अंगठा लावायचा, तेवढ्यात कर्ज हवंय का विचारणारा फोन. नको.

जुळारी · मंगळवार, सकाळी ६:५०

टाळकरी, उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. दोन्ही हात गुंतलेले म्हणजे पुस्तिका आपली आपण उघडी राहिली पाहिजे. ती अट आधी, साइज-कागद-कव्हर सगळं तिच्या मागून. छापखान्यात उलटं चालतं. त्यांच्याकडे जे मशीन रिकामं असतं ते आधी ठरतं आणि तुमची गरज त्यात बसवली जाते. मी खिळे जुळवण्यापासून ऑफसेटपर्यंत त्याच धंद्यात होतो, म्हणून हक्काने बोलतोय.

परफेक्ट बाइंडिंगमध्ये नेमकं काय होतं ते बघा. छापलेल्या कागदाला घड्या घालून फॉर्म करतात, फॉर्म क्रमाने रचतात, मग मशीन पाठीकडचा दोन-तीन मिलिमीटर भाग छाटून खरवडते आणि त्यावर गरम ग्लू लावून कव्हर चिकटवतं. म्हणजे घडी गेली. प्रत्येक पान सुटं झालं आणि फक्त ग्लूच्या जोरावर उभं राहिलं. असं पुस्तक सारखं मिटायला बघतं. भजनी माणूस काय करणार? उघडून मधोमध तळहाताने दाबणार. रोज दाबलं की पाठीला चीर पडते आणि तिथलंच पान हातात येतं. तुमच्याकडे ते हरिपाठाचं असेल, कारण रोज उघडतं तेच. त्यात आर्ट पेपर असला तर आणखी वाईट. त्याच्यावर गुळगुळीतपणासाठी पांढरा लेप असतो, ग्लू त्या लेपालाच धरतो, आतल्या तंतूंपर्यंत नीट पोचत नाही. पीयूआर नावाचा ग्लू येतो, तो लवचीक आणि खूपच दमदार, पण लहान गावात त्याचं मशीन मिळणं कठीण. तरी विचारा. "हॉटमेल्ट आहे" असं उत्तर आलं तर बहुतेक वेळा साधा समजायचा.

सेंटर पिन उघडी छान राहते, पण तुमच्या जाडीला नाही. पानं चारच्या पटीत लागतात, १०६ची १०८ करा नाहीतर सोळाच्या हिशेबाने ११२. ११२ पानं म्हणजे २८ घड्या एकात एक. ७० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७० ग्रॅम वजनाचा) कागद साधारण ०.०९ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे सगळ्यांत आतली घडी अडीच मिलिमीटर बाहेर येते. कटिंगला तेवढी छाटली जाते आणि मधल्या पानांचा बाहेरचा समास बारीक होतो. शिवाय अशी जाड पुस्तिका मिटून बसत नाही, तोंड वासून राहते. ६४ पानांपर्यंत सेंटर पिन करा, पुढे नको.

तुम्हाला हवी ती जुजबंदी. सोळा-सोळा पानांचे फॉर्म, प्रत्येकाच्या घडीतून दोरा आणि फॉर्म एकमेकांत ओवलेले. वर मऊ कव्हर, पुठ्ठा नको. वाण्याच्या दुकानातली लाल कापडाची चोपडी आठवा, उघडून ठेवली की वाऱ्याशिवाय पान हलत नाही. ती शिलाईची करामत.

टाळकरी · मंगळवार, सकाळी ८:१५

जुळारीकाका, एवढ्या सकाळी एवढं लिहिलंत, दंडवत. पण जुजबंदी आता कोण करतं? साताऱ्यातल्याला फोन केला, तो म्हणतो "ते जुनं झालं, कोणी करत नाही".

पेठेतली_पोर · मंगळवार, सकाळी ९:४०

कोण म्हणतं करत नाही? पुण्यात पेठांमध्ये बाइंडर आहेत अजून. माझ्या आत्याने बाइंडिंगच्या कारखान्यात बरीच वर्षं काढली, फॉर्मला घड्या घालायचं काम बायका घरी नेऊनही करायच्या, हाडाच्या पट्टीने घडी दाबत. जाड पुस्तकं, डायऱ्या, कोर्टकचेरीची रजिस्टरं यांना अजून शिलाई लागते. तुमच्या छापखान्याकडे शिलाईचं मशीन नसेल तर तो बाहेरून करून आणतो, एवढंच. मग त्याला दोन दिवस जास्त लागतात आणि नफा दुसऱ्याकडे जातो, म्हणून "कोणी करत नाही". छपाई एकाकडे आणि बांधणी दुसऱ्याकडे दिली तरी चालतं. फक्त छापणाऱ्याला सुरुवातीलाच सांगा की शिलाई होणार आहे, नाहीतर तो पाठ खरवडायच्या हिशेबाने पानं लावून मोकळा होईल.

कोटेशन मागताना पण नीट बघा. एकात घड्या, जुळणी, शिलाई, कटिंग, बांधून देणं सगळं धरलेलं असतं, दुसऱ्यात फक्त छपाई. स्वस्त वाटतं ते बहुतेक अर्धंच असतं. जीएसटी आत आहे की वर, हेही लिहून घ्या.

मोडीवाला · मंगळवार, दुपारी १२:०२

पोथीचा आकार कोणीच काढला नाही! आडवी, सुटी पानं, वर-खाली दोन लाकडी फळ्या, कापडात बांधायची. बांधणीचा खर्च शून्य, सपाट राहणारच. एखादं पान खराब झालं तर तेवढंच बदलायचं.

टाळकरी · मंगळवार, दुपारी १२:३०

देवळात फॅन आहे, मोडीवाला.

मोडीवाला · मंगळवार, दुपारी १२:३३

मागे घेतो.

अक्षरवेडी · मंगळवार, दुपारी २:१८

बांधणीवर सगळे बोलले, आतल्या पानावर कोणी बोललं नाही. मी डीटीपी करते, भक्तिसंग्रहाची कामं बरीच येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

डेमी १/८, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, अभंगाला गरजेपेक्षा रुंद आहे. मोठ्या अभंगाचं एक कडवं ६, ६, ६, ४ मिळून २२ अक्षरांचं. १४ पॉइंटला ते सव्वातीन इंचांच्या आसपास एका ओळीत बसतं. डेमीत उजवीकडे दोन बोटं पांढरी पट्टी उगाच राहते. क्राउन १/८ घ्या, कापून पावणेपाच बाय सव्वासात होईल, मजकुराला पावणेचार इंच रुंदी सहज मिळते. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातही मावेल. उंची कमी झाल्यामुळे पानं वाढतील, अंदाजे १२५ ते १२८. १२८ झाली तर जुळारीकाका खूश, सोळाचे आठ फॉर्म.

साठी ओलांडलेल्यांसाठी १४च्या खाली उतरू नका. १६ करायचा मोह होईल, पण मग कडवं तुटून चार अक्षरं खालच्या ओळीत लोंबकळतात आणि म्हणणारा अडखळतो. अक्षर वाढवण्यापेक्षा दोन ओळींमधली जागा वाढवा, म्हाताऱ्या डोळ्यांना त्याचा जास्त उपयोग होतो.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे अभंगाच्या मध्ये पान उलटावं लागता कामा नये. टाळ चालू असताना पान उलटणार कोण? एका पानात न मावणारा अभंग डाव्या पानावर, म्हणजे सम आकड्याच्या पानावर सुरू करा, समोरासमोरच्या दोन पानांत संपेल. त्यासाठी कुठे अर्धं पान रिकामं गेलं तर जाऊ दे. छापखाना म्हणेल "जागा वाया जातेय". जाऊ दे म्हणते ना मी.

मजकूर कोणत्या फाँटमध्ये आहे? जुन्या पेजमेकर फाइलमधून युनिकोडमध्ये आणला असेल तर "वारकऱ्यां"मधला ऱ्या तपासा. कन्व्हर्टर त्याचा सर्रास र्या करून ठेवतात आणि ते नेमकं कव्हरवर मोठ्या अक्षरात छापलं जातं. जुन्या पाठातले अनुस्वार, तेणें-जेणें वगैरे, तेही गळतात. हे तपासायला शिकलेला माणूस नको, ज्याला हरिपाठ तोंडपाठ आहे असा माणूस बसवा. फाँटसाठी तिरो देवनागरी मराठी मोफत आहे, ल आणि श आपल्या वळणाचे आहेत आणि छापून छान दिसतो.

टाळकरी · मंगळवार, संध्याकाळी ६:५५

अक्षरवेडीताई, पान उलटायचा मुद्दा ऐकून आमचे विणेकरी बुवा म्हणाले, "या बाईंना भजन कळतं." फाइल श्रीलिपीतून, म्हणजे जुन्या फाँटमधून, आलेली आहे. ऱ्या बघितला. दहा ठिकाणी र्या निघाला.

भिंगरी · मंगळवार, रात्री ९:१०

मला छपाईतलं कळत नाही, पण एक विचारू? वारीत काकडा, भारुडं, गौळणी सगळं लागतं का? आमच्या आजोबांच्या बंडीच्या खिशात फक्त हरिपाठाची चिमुकली पुस्तिका असायची. एकाच पुस्तकाने देवळातही बसायचं आणि वारीही चालायची, असं का?

जुळारी · बुधवार, सकाळी ६:३५

भिंगरीताई, रात्रभर हाच विचार करत होतो.

टाळकरी, दोन पुस्तिका करा. हरिपाठ, आरत्या, पसायदान आणि वाटेत म्हणायचे मोजके अभंग, ३२ पानांत बसतात का बघा. उरलेलं ९६ पानांत. दोन्ही क्राउन १/८. आता हिशेब बघा. वीस बाय तीस इंचाच्या एका कागदात या साइजची ३२ पानं बसतात. एकच १२८ पानांची पुस्तिका केली तर प्रतीला चार कागद, ५०० प्रतींना २००० कागद, म्हणजे चार रिम. वेगळ्या केल्या तर छोटी प्रत्येकाला हवी, ५०० प्रती, ५०० कागद. मोठी देवळात राहणार, ती ३०० पुरे. प्रतीला तीन कागद, ९०० झाले. एकूण १४००. मशीन जुळेपर्यंत वाया जाणारा कागद दोन्हीकडे वर धरा. वाचलेल्या ६०० कागदांत दुसऱ्या कव्हराचा बराचसा भार निघतो आणि जुजबंदीही ५००च्या ऐवजी ३०० प्रतींचीच.

वजन बघा. ७० जीएसएमवर १२८ पानांची प्रत कव्हरसकट ११० ग्रॅमच्या आसपास जाते, ३२ पानांची पस्तीसएक. पायी चालणाऱ्याला हा फरक कळतो.

छोटीला सेंटर, पण पिना न मारता मधून दोऱ्याची शिलाई घाला, म्हणजे कोकणी_पाऊस यांची गंजाची तक्रार मिटली. आपला पासपोर्ट उघडून बघा, मधोमध दोराच आहे. मोठीला सहा फॉर्मची जुजबंदी.

कागद नॅचरल शेड, ७० जीएसएम. पिवळसर, मॅट, ट्यूबलाइट डोळ्यांवर चमकत नाही. आर्ट पेपरवर नेमकी तीच चमक येते, वाचणारा पुस्तक तिरकं धरत बसतो. आणि त्यावर पेनने खूण करता येत नाही. भजनी पुस्तकात चालीच्या, आवर्तनाच्या खुणा होतातच. ६० जीएसएम स्वस्त पडेल, पण मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात.

मी_आपला_सहज · बुधवार, सकाळी १०:२०

एवढ्या प्रतींना ऑफसेट परवडतं? डिजिटल करा ना, प्लेटांची भानगड नाही.

जुळारी · बुधवार, सकाळी ११:०५

प्रश्न रास्त आहे. ऑफसेटला आधी प्लेटा आणि मशीन जुळवण्याचा खर्च, मग पुढची प्रत स्वस्त. डिजिटलला पहिली प्रत आणि तीनशेवी प्रत एकाच भावाची. पन्नास-शंभर प्रती असत्या तर डिजिटलच म्हटलं असतं. इथे आत एकच काळा रंग आहे आणि मोठ्या मशीनवर ३२ पानांना दोन प्लेटा, म्हणजे १२८ पानांना आठच. लहान मशीनवर सोळा. त्यामुळे ऑफसेट निघेल, तरी दोन्हीचं कोटेशन घ्या. दर मी इथे लिहीत नाही, कागदाचा भाव हलता असतो आणि मग लोक स्क्रीनशॉट घेऊन छापखानेवाल्याशी भांडतात.

डिजिटलमध्ये एक धोका वेगळा. टोनर कागदाच्या वर बसतो, आत मुरत नाही. घडीवर चिरतो. कव्हर डिजिटलवर काढलं तर घडीच्या जागी क्रीझ (दाबून पाडलेली खाच) मारून घ्यायचीच.

एडिसनकर · बुधवार, दुपारी १:४७

न्यू जर्सीहून. आमच्या ग्रुपने गणपतीत आरतीची पुस्तिका इथल्या कॉपीच्या दुकानात करून घेतली होती. इकडचा लेटर साइज कागद मधोमध दुमडला की साडेपाच बाय साडेआठच होतो, म्हणजे तुमचं डेमी १/८. तुमची पहिली फाइल मिळाली तर आम्ही इथे तशीच छापू. लांब हाताचा स्टेपलर मात्र आधी शोधून ठेवावा लागतो, घरातला मध्यापर्यंत पोचत नाही.

टाळकरी · बुधवार, दुपारी ३:३०

नक्की देतो, राहिलेले ऱ्या दुरुस्त केले की.

कव्हरबद्दल सांगा आता. अध्यक्षांना भगवं हवंय, मोबाइलवर दिसतं तसं तेजस्वी. आणि देणगीदारांची यादी रंगीत, फोटोसकट.

अक्षरवेडी · बुधवार, दुपारी ४:०२

मोबाइलवरचा भगवा प्रकाशाचा असतो, कागदावरचा शाईचा. चार रंगांच्या छपाईत तो थोडा मंदावतोच. सायन (निळा) आणि काळा शून्य ठेवा, पिवळा पूर्ण, मॅजेन्टा (गुलाबी) निम्म्याच्या थोडा वर. त्यात सायन जरा जरी मिसळला की भगव्याचा विटकरी होतो. अध्यक्षांना स्क्रीन दाखवू नका, छापलेला नमुना दाखवा.

आतल्या मजकुराचं काळं फक्त काळ्या शाईचं ठेवा, चार रंगांचं मिश्रण नको. मिश्रणात प्लेट केसभर हलली तरी अक्षराला रंगीत कड दिसते. फोटो व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून मागवू नका, डॉक्युमेंट म्हणून मागवा. छपाईच्या मापाला ३०० डीपीआय भरतील असे.

पेठेतली_पोर · बुधवार, दुपारी ४:४५

देणगीदारांची यादी कव्हरच्या आतल्या दोन बाजूंना टाका. नाहीतरी कव्हर रंगीत छापणार, आतली बाजू रिकामी ठेवून काय करायचं? वेगळा आर्ट पेपरचा फॉर्म घालायची गरज नाही. आणि यादी सगळ्यांत शेवटी छापायला द्या. छपाईच्या आदल्या रात्री कोणीतरी "आमच्या आबांचं नाव राहिलं" म्हणत येतोच.

कोकणी_पाऊस · बुधवार, संध्याकाळी ७:१६

लॅमिनेशन वरून एकाच बाजूला असतं. पावसाळी हवेत कव्हरची आतली बाजू ओलावा पिते आणि फुगते, लॅमिनेटवाली बाजू पीत नाही, म्हणून कव्हर बाहेरच्या अंगाला वळतं. पातळ कव्हर पापडासारखं गुंडाळतं. २५० जीएसएमच्या खाली जाऊ नका. ग्लॉसपेक्षा मॅट हातात धरायला बरी, पण गडद रंगावर नखाचे ओरखडे दिसतात. भगव्यावर फारसे दिसणार नाहीत. लॅमिनेशन म्हणजे पाण्यापासून संरक्षण असं मात्र समजू नका, पाणी कडेने शिरतं. वारीला प्रत्येक पुस्तिकेबरोबर झिपची प्लास्टिक पिशवी द्या, तेवढीच खरी उपयोगाची.

नियमावली · बुधवार, रात्री ८:५०

संतांच्या अभंगांवर कॉपीराइटचा प्रश्न नाही. पण तुमच्या "नेहमीच्या" यादीत आजच्या काळातल्या कवींची भक्तिगीतं घुसली असतील तर परवानगी लागते. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. कोणाच्या तरी संपादित पुस्तकातल्या टिपा, अर्थ, प्रस्तावना जशाच्या तशा उचलू नका.

आयएसबीएन गावापुरत्या वाटपासाठी लागत नाही. हवाच असेल तर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका.

टाळकरी · गुरुवार, रात्री १०:०२

काल रात्री देवळात बैठक झाली. घरच्या कागदांची डमी करून नेली होती. दोन साध्या घड्यांच्या वह्या, एक मी सुई-दोऱ्याने मधून शिवलेली आणि एक जुनं परफेक्ट बाइंडिंगचं पुस्तक. सगळी सतरंजीवर उघडी ठेवून टाळ वाजवले. परफेक्टवालं पहिल्या अभंगालाच मिटलं. अध्यक्ष काही बोलले नाहीत, नुसतं "बरं" म्हणाले.

छापखान्याला आज असं लिहून दिलंय. छोटी पुस्तिका: क्राउन १/८, ३२ पानं, ५०० प्रती, मधून दोऱ्याची शिलाई. मोठी: त्याच साइजची, ९६ पानं, ३०० प्रती, जुजबंदी, मऊ कव्हर. आत ७० जीएसएम नॅचरल शेड, एक रंग, ऑफसेट. दोन्हींची कव्हरं २५० जीएसएम आर्ट कार्ड, चार रंग, आतून देणगीदार, वरून मॅट लॅमिनेशन. छपाई साताऱ्यात, मोठीची बांधणी पुण्यात. साताऱ्यातल्याने आधी कुरकुर केली, मग म्हणाला छोटीची शिलाई तोच करून देईल, त्याच्या ओळखीत वह्या शिवणारा आहे.

काही राहिलंय का?

जुळारी · शुक्रवार, सकाळी ६:२०

तीन गोष्टी राहिल्यात.

कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर पाहिजे, हे लिहून द्या. ग्रेन आडवी गेली तर घडी फुटते, पावसाळ्यात पानांना लाटा येतात आणि एवढी शिलाई करूनही पुस्तिका ताठ राहते. ओळखायचं सोपं आहे. कागद दोन्ही दिशांनी फाडून बघा, ज्या दिशेने सरळ फाटतो ती ग्रेन.

पीडीएफ सुट्या पानांची, क्रमाने द्या. १ नंतर २, २ नंतर ३. आपल्या हुशारीने ३२ आणि १ शेजारी लावून देऊ नका, फॉर्म लावणं त्यांचं काम. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेला रंग) फक्त कव्हरला पुरे, आत रंग नाही.

दोन्ही कव्हरं एकाच कागदावर शेजारी-शेजारी छापून घ्या, एकाच प्लेटांत काम होतं. मोठीची २०० कव्हरं जास्तीची उरतील, ती फेकू देऊ नका. सपाट ठेवून वर वजन द्या, पुढच्या आवृत्तीला आतलं फक्त छापायचं. यादी मात्र कव्हरच्या आत आहे, त्यामुळे नवे देणगीदार आले तर पंचाईत.

पेठेतली_पोर · शुक्रवार, सकाळी ९:०५

मग मोठीच्या कव्हरला आतून यादी नकोच. यादी छोटीला. तीच घराघरांत जाणार, देणगीदारांनाही तेच हवं असतं.

टाळकरी · शुक्रवार, सकाळी ९:४१

हे बेस. बदल कळवला छापखान्याला, ग्रेनचंही लिहून दिलं. तो म्हणाला, "तुम्हाला कोणी शिकवलं हे?"

मागच्या कव्हरवर अध्यक्षांचा फोटो मात्र राहणार आहे. त्यावर चर्चा नको.